चाकण रोडवर बाइक कुठून चालवायची? कडेकडेनं तर नकोच

तुमची पोस्ट दोनदा वाचली. भोसरीहून चाकणला नवी नोकरी, १२५ सीसीची गाडी. डावीकडून चाललं की रिक्षा आणि राँग साईडवाले, उजवीकडे सरकलं की मागून अप्पर-डिप्पर. परवा मोशीच्या पुढे एका ट्रेलरनं तुम्हाला डाव्या कडेला दाबत नेलं आणि मुरमात पाय टेकवून तुम्ही कशीबशी गाडी सांभाळली. आरसा सैल आहे, सारखा फिरतो, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. आणि घरचे सांगतात, "कडेकडेनं जात जा."

हेच वाक्य आमच्या घरातही होतं. वडील सायकलवर कंपनीत जायचे, त्यांच्या काळात त्यांच्यासाठी ते बरोबरच असेल. मी ते बाइकवर तसंच्या तसं उचललं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये डाव्या नडगीत रॉड घालून घ्यावा लागला. तुमच्या पोस्टमधला तो मुरमात टेकवलेला पाय वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, मी काही ड्रायव्हिंग शिकवणारा नाही. भोसरी ते म्हाळुंगे हा रस्ता चौदा वर्षं बाइकवर केलाय, एवढाच माझा अधिकार. हेल्मेट, टायरची हवा, ब्रेक यावर काही लिहीत नाही, ते तुम्ही सांभाळत असालच. कुणाला पटणार नाही असंही काही यात असेल, ते जरूर सांगा.

माझी चूक काय झाली ते नीट सांगतो, कारण ती चूक मी रोज सकाळी कुणी ना कुणी करताना बघतो.

पुण्याकडून चाकणच्या तळेगाव चौकात आलात की डावीकडे तळेगावचा रस्ता. म्हाळुंगे त्याच बाजूला, म्हणजे मलाही डावीकडेच वळायचं होतं. सकाळी पावणेआठची वेळ, आठची शिफ्ट. पुढे लांब ट्रेलर उभा, पोलिसानं हात दाखवून थांबवलेला. मी त्याच्या मागे. हात खाली आला, ट्रेलर हलला आणि थोडा उजवीकडे गेला. डावीकडे एकदम जागा मोकळी झाली, इतकी की दोन बाइक शेजारी शेजारी जातील. मला वाटलं हा सरळ नाशिककडे निघाला. मी त्या जागेत घुसलो.

तो सरळ जाणारच नव्हता. लांब गाडीला डावीकडे वळायचं असेल तर ड्रायव्हर आधी उजवीकडे काढतो आणि मग वळवतो. मुंडकं, म्हणजे पुढची केबिन, बाहेरून फिरतं, पण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती आतून कापत येतात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आत. त्यामुळे जी जागा मोकळी दिसते ती पुढच्या काही सेकंदांत मागच्या चाकांची असते. सोपं करून सांगायचं तर ट्रेलर उजवीकडे झुकला की तो डावीकडे वळणार असंच धरून चाला. इंडिकेटरवर जाऊ नका. त्या दिवशी त्याचा डावा इंडिकेटर चालू होता की नाही हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी तिकडे बघितलंच नव्हतं. मी मोकळी जागा बघत होतो.

मी केबिनच्या थोडा मागे असताना क्लीनरनं डावा दरवाजा बडवायला सुरुवात केली. पत्र्यावर तळहात आपटल्याचा तो आवाज, धाड धाड धाड, आणि "थांब थांब थांब". मला वाटलं तो ड्रायव्हरला रस्ता सांगतोय. तो मला सांगत होता आणि ड्रायव्हरलाही सांगत होता. तोपर्यंत डाव्या हाताला फुटपाथची कड लागली, उजव्या हँडलला ट्रेलरच्या लोखंडी पट्टीचा स्पर्श झाला, आणि गाडी कलंडली. पाय गाडी आणि कडेच्या मधे. मागचं चाक माझ्या सायलेन्सरवर येऊन थांबलं. गुडघ्यापासून ते चाक वीतभर लांब होतं, वर तेच टायर दिसत होतं, त्याच्या खाचांत अडकलेली खडी दिसत होती.

ते थांबलं ते त्या क्लीनर पोरामुळे. सतरा-अठरा वर्षांचा असेल. ड्रायव्हर आणि तो, दोघंही पळून गेले नाहीत. त्यांनीच गाडी उचलली, मला एका टेम्पोत घातलं. तक्रार द्यायची का असं विचारल्यावर मी नाही म्हटलं, कारण चूक माझी होती.

पुढे बरं होत होत कामावर रुजू व्हायला मार्च २०२० उजाडला आणि लगेच लॉकडाऊन लागला. ते चार महिने पडून मी याच एका गोष्टीचा विचार केला, की त्या ड्रायव्हरला मी कधी दिसत होतो का? नव्हतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उंच बसतो. डाव्या दरवाजाच्या खालचा आणि त्याच्या मागचा मोठा पट्टा त्याला दिसतच नाही, तिथे त्याचा डोळा म्हणजे तो क्लीनर. आणि आता कित्येक गाड्यांवर क्लीनर नसतो. "कडेकडेनं जा" हा सल्ला पाळणारा माणूस बरोबर त्याच पट्ट्यात चालत असतो.

म्हणून माझं ठाम मत: अवजड गाडीच्या डावीकडून पुढे जायचंच नाही. सिग्नलला नाही, ट्रॅफिक जाममध्ये नाही, शिफ्टला दहा मिनिटं उशीर झाला तरी नाही. ती उभी असेल तर मागेच उभे राहा, आणि मागेही इतक्या अंतरावर की तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली तुम्हाला दिसली पाहिजेत. तिच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

आता मोकळ्या रस्त्यावर कुठून चालवायचं. एका लेनमध्ये बाइकला तीन पट्टे मिळतात: मोठ्या गाड्यांच्या डाव्या चाकांचा, मधला, आणि उजव्या चाकांचा. मधल्या पट्ट्यात इंजिनांचं ऑइल गळलेलं असतं, विशेषतः चौकाच्या तोंडाशी, जिथे गाड्या उभ्या राहतात. उन्हाळ्यात ते जाणवत नाही, जूनच्या पहिल्या सरीला जाणवतं. मी डावीकडच्या लेनमध्ये राहतो, पण तिच्या उजव्या चाकांच्या पट्ट्यात. तिथून पुढच्या कारवाल्याच्या उजव्या आरशात मी दिसतो, आणि डाव्या हाताला मीटर-दीड मीटर जागा शिल्लक राहते. थांबलेल्या कारचा दरवाजा उघडला, शेअर रिक्षा पॅसेंजर बघून करकचून थांबली, कुरुळी फाट्यापाशी कुणी राँग साईडनं समोरून आला, की ती जागा कामाला येते. कडेला चिकटून चालणाऱ्याकडे ती जागाच नसते. तुमच्या बाबतीत तेच झालं. तुम्ही आधीच डांबराच्या टोकावर होता, म्हणून ट्रेलरनं दाबल्यावर मुरमात उतरण्याशिवाय काही उरलं नाही. डांबर आणि मुरूम यांच्या मधे चार बोटांची जरी पायरी असली तरी तिरकं चढताना पुढचं चाक तिला घासत जातं आणि गाडी आडवी होते. तसं खाली उतरावंच लागलं तर लगेच वर यायची घाई करू नका. वेग कमी करा, मागचं बघा, मग जरा जास्त कोनात घेऊन चढा.

डिव्हायडरला चिकटूनही नको. तिथे वाळू आणि बारीक खडी साठते, आणि कट आला की समोरून कुणीतरी यू-टर्न मारायला नाक पुढे काढून उभा असतो. माणसंही डिव्हायडरवरून उडी मारून उतरतात.

मागून अप्पर-डिप्पर मारतात त्याचं काय, असं तुम्ही विचारलंय. मारू द्या. घाबरून कडेला जाऊ नका, तुमची रेषा एकदम सोडू नका. त्याला जायचं असेल तर उजवीकडून जाईल. मोठी गाडी असेल आणि अगदी अंगावर येत असेल तर आधीच, मोकळी जागा बघून, इंडिकेटर देऊन तिला पुढे जाऊ द्या. ती शेजारून जाताना आधी वाऱ्याचा धक्का बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. हलक्या गाडीवर हे चांगलंच जाणवतं, तेव्हा त्या दोन सेकंदांत हँडल घट्ट आवळून धरू नका, गुडघ्यांनी टाकी धरा. दोन ट्रेलरच्या मधून मात्र कधीही जाऊ नका. दोघांनाही तुम्ही दिसत नसता.

अंतराचा एक हिशोब. ताशी ४० वर आपण सेकंदाला साधारण ११ मीटर जातो, ६० वर १६-१७ मीटर. तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हटलं तर ४० ला ३३ मीटर, ६० ला ५० मीटर होतं. चाकण रोडवर एवढं अंतर ठेवलं की मधे कारवाला घुसणार, मला माहीत आहे. घुसू द्या, पुन्हा थोडे मागे पडा. घरी पाच मिनिटं उशिरा पोहोचाल.

अजून एक, कारण हेही रोज बघतो. गर्दीतून वाट काढत पुढे येऊन लोक ट्रकच्या नाकासमोर, बंपरला चिकटून उभे राहतात. ड्रायव्हरची सीट इतकी उंच असते की बंपरच्या लगतचा माणूस त्याला दिसत नाही. त्यानं गाडी हलवायच्या आत तुमची गाडी बंद पडली तर? पुढे जायचंच असेल तर त्याच्यापासून चांगलं अंतर पुढे, त्याला तुमची पाठ दिसेल असं थांबा, नाहीतर मागेच राहा. आणि थांबल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागची गाडी थांबेपर्यंत ब्रेक दाबत राहा म्हणजे लाल दिवा लागतो.

आता मनातलं थोडं बोलतो, कारण त्या अपघातात पायाइतकाच त्रास एका ऑफिसनं दिला. माझ्या पॉलिसीत १५ लाखांचं मालक-चालक अपघात कव्हर होतं, जे तेवढाच दुसरा अपघात विमा आधीपासून नसेल तर घ्यावंच लागतं. मला वाटलं, एवढं कव्हर आहे तर हॉस्पिटलच्या बिलातलं काहीतरी मिळेल. विमा कंपनीच्या ऑफिसात, नाव घेत नाही, मी कुबडी घेऊन तीनदा जिना चढलो. पहिल्यांदा डिस्चार्ज कार्ड मागितलं. दुसऱ्यांदा एक्स-रेची मूळ फिल्म आणि लायसन्सची प्रत. तिसऱ्यांदा दुसऱ्याच टेबलावरच्या बाईंनी फाईल उघडली आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं की हे कव्हर मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं, हात-पाय-डोळा गेला, तरच लागू होतं, हाड मोडण्याला नाही. नियम तो असेल, मी नियमाशी भांडत नाही. पहिल्याच दिवशी हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. तेव्हाचे ते जिने मला आजही आठवतात. तेव्हा त्या १५ लाखांवर भिस्त ठेवू नका. दवाखान्याच्या खर्चासाठी मेडिक्लेम वेगळा लागतो, आणि कंपनीतून मिळत असेल तर त्यात काय काय बसतं ते आजच एचआरला विचारून ठेवा. माझी गाडीची पॉलिसीही फक्त थर्ड पार्टी होती, त्यामुळे गाडीचा खर्चही खिशातूनच गेला.

पावसाळ्याचं थोडक्यात. पाणी साचलेलं असेल तिथे पुढच्या कारच्या चाकांच्या मागोमाग जा, ती खड्ड्यात गेली तर तुम्हाला कळतं. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असतील तर त्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको. आणि रविवारी घाटात जात असाल तर उजव्या वळणावर मधल्या रेषेजवळ जाऊ नका. चाकं आपल्या बाजूला असली तरी गाडी झुकल्यावर डोकं समोरच्याच्या लेनमध्ये जातं. हे मला ताम्हिणीत एका मित्राच्या मागे चालवताना पहिल्यांदा लक्षात आलं, त्याचं हेल्मेट आणि समोरून येणारी एसटी यांच्यात फार थोडं अंतर होतं.

आता तुमचा तो आरसा. वर जे सगळं लिहिलं ते मागचं दिसत असेल तरच जमतं. मागून ट्रेलर येतोय हे तुम्हाला तो शेजारी आल्यावर कळलं, त्याचं कारण मला तरी हा सैल आरसा वाटतो. दांड्याच्या बुडाशी एक नट असतो, तो सैल झाला की आरसा वाऱ्यानं फिरतो. आरसा हवा त्या कोनात धरून नट पान्यानं आवळायचा, दोन मिनिटांचं काम. कोपर दिसत असेल तर आरसा अजून बाहेर फिरवा, मागची पूर्ण लेन दिसली पाहिजे. उद्या सकाळी निघायच्या आधी करून घ्या, आणि तळेगाव चौकात पुढे ट्रेलर असेल तर त्याच्या मागेच थांबा.