वाचकांचे प्रश्न : डीएनएच्या घडीतून जनुकोपचार

प्रश्न : जनुकोपचारासाठी डीएनएच्याच घड्या घालून वाहक बनवतात, असे वाचनात आले. विषाणू हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी?

उत्तर : जनुकोपचारात, म्हणजे पेशींत उपयुक्त जनुक पोहोचवून आजारावर इलाज करण्यात, वाहक म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या एएव्ही या विषाणूत सुमारे ४,७०० अक्षरांहून (डीएनएच्या साखळीतील घटकांहून) लांब जनुक मावत नाही, शिवाय त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की दुसरी मात्रा देणे अवघड होते. घडीचा पर्याय इथे पुढे येतो. २००६ साली संशोधक पॉल रोथेमुंड यांनी एम-१३ विषाणूचा सात हजारांहून अधिक अक्षरांचा एकेरी धागा दोनशेहून अधिक आखूड तुकड्यांनी ठिकठिकाणी टाचून सुमारे १०० नॅनोमीटरच्या आकृत्या घडवल्या. हा लांब धागाच उपचाराच्या जनुकाचा घेतला, तर वाहक आणि माल वेगळे उरतच नाहीत, ही यातली खरी गंमत. प्रयोगशाळेतील मानवी पेशींत अशा घडीतले जनुक कार्यरत झालेही आहे. शरीरात मात्र घोडे अडते : रक्तातील न्यूक्लिएज विकरे धागे कुरतडतात, घड्या टिकवून धरणारे मॅग्नेशियम कमी पडल्याने त्या उलगडतात, आणि पेशीने गिळलेल्या बहुतेक रचना एन्डोसोमच्या पिशवीतच अडकून नष्ट होतात. ऑलिगोलायसिन-पीईजीचे (लायसिन या अमिनो आम्लाची आखूड साखळी आणि तिला जोडलेले पीईजी हे बहुवारिक) वेष्टन पहिल्या दोन अडचणी बऱ्याच अंशी सावरते. तिसरी, माझ्या मते, सर्वांत चिवट आहे.