बोट ठेवून दाखव

चि. मुली,

काल कथकच्या रियाजानंतर तू जिना उतरलीस तो कठड्याला धरून, एकेक पायरी आडवा पाय टाकत. मी वरून पाहिलं. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही ताई, जरा अवघडलंय." समोर बसवून बोलले असते तर पुन्हा तेच म्हणाली असतीस, म्हणून पत्र.

आज रात्री एक कर. पाय मोकळे सोडून बस आणि दुखतं तिथे हात ने. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर दुखत असेल, पूर्ण तळहात ठेवावा लागत असेल, तर बहुधा स्नायू आणि हाडावरचं आवरण कुरकुरतंय. ततकार, म्हणजे तालावर पाय आपटण्याचा सराव, कमी केला, पोटऱ्या बळकट केल्या की ते वळणावर येतं. पण एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी कळ उठत असेल, दाबल्यावर जीव जात असेल, रात्रीही ठसठसत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे बाम चोळायचा नाही, चोळणाऱ्याकडे तर मुळीच जायचं नाही.

माझं तसंच होतं. पायाच्या दुसऱ्या बोटामागचं लांब हाड. एक्स-रे साफ आला आणि मला आनंद झाला, कारण कार्यक्रम तोंडावर होता. गोळी घेऊन चौगुण, म्हणजे चौपट लयीतला ततकार, मारली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एक्स-रेमध्ये भेग दिसली. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही गुरूंपासून दुखणं लपवलं होतं, त्याचा दोष कुणाला देऊ?

तुझं का झालं ते मला दिसतंय. विशारदच्या परीक्षेसाठी तू एका आठवड्यात अर्ध्या तासाचे दोन तास केलेस, तेही दीडशे घुंगरं बांधून, घरच्या फरशीवर. सतरंजीने आवाज मऊ होतो, धक्का नाही. लाकडी फळ्यांखाली पोकळी असते म्हणून त्या दबतात. काँक्रीट दबत नाही, मग सगळा मार हाड खातं. घुंगरं आधी पन्नासवर आण, वेळ हळूहळू वाढव. आणि एका पायावर उभं राहून टाच उचलायची, सलग पंचवीस वेळा. तुझ्या डाव्या पायाला बारालाच धाप लागते, मी मोजलंय. गिरक्या घेतेस ती टाच तीच.

आणखी एक विचारते, लाजू नकोस. पाळी वेळेवर येते ना? 'हलकं दिसायचं' म्हणून रात्रीचं जेवण सोडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. पोट रिकामं ठेवून एवढं नाचलं की पाळी चुकते आणि हाडं ठिसूळ होतात. पाळी लांबली असेल तर डॉक्टरांना पायाबरोबर तेही सांग.

डॉक्टरांकडे गेलीस की "डान्स करते" एवढ्यावर थांबू नकोस. अनवाणी नाचते, पाय आपटते, रोज इतके तास, अमुक फरशीवर, असं सांग. शक्य तर उभी राहून चार मात्रांचा ततकार दाखव. थांबायला सांगितलं तर थांब. चीर असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे जातात, परीक्षा पुढच्या सत्रात देता येते.

सोमवारी मात्र क्लासला ये. घुंगरं घरी ठेव. खुर्चीवर बसून पढंत करू, नाचाचे बोल तोंडाने म्हणू. धमार तालातली तिहाई, तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचं ती, तुझी अजून समेआधीच संपते.

तुझी,
ताई