जिवाणूच्या डिंकाला डिंक म्हणावं का?

परतवाड्याजवळच्या गावातून बारावीतल्या एका मुलीने विचारलं आहे : "दादा, केकच्या पुड्यावर 'झँथन गम' वाचलं. आमच्या बाई म्हणाल्या, तो जिवाणूंपासून करतात. मी आजीला सांगितलं की हा जंतूंचा डिंक. आजी म्हणे, डीक झाडाले येते व माय, जंतूले कोठून येईन? मग याला मराठीत काय म्हणायचं? वर्गात कोणी 'चिकटा' सुचवतं, कोणी 'बहुशर्करा'."

ताई, आजीच्या शब्दामागे मेळघाटचं रान उभं आहे. धावड्याच्या सालीला खाच पडली की डिंक पाझरतो, वाळतो आणि थंडीत लाडवात जातो. पण तो असतो काय? शर्करेचे रेणू एकाला एक जोडून झालेली लांबलचक साखळी, तिला फुटलेल्या फांद्या. म्हणूनच तो पाण्यात फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. झँथनचंही तेच आहे : ग्लुकोजची साखळी, तिला मॅनोज आणि ग्लुकुरोनिक आम्लाच्या आखूड फांद्या. झँथोमोनास कँपेस्ट्रिस नावाचा जिवाणू टाकीत साखर खाऊन ही साखळी विणतो आणि पेशीबाहेर सोडतो. मग अल्कोहोल घालून ती वेगळी काढतात, वाळवून भुकटी करतात. अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात हे काम झालं आणि १९६९ साली तिथे खाण्यात वापरायला परवानगी मिळाली.

हा जिवाणू मुळात कोबी कुजवणारा. त्याचे भाऊबंद आपल्याच शेतात आहेत : लिंबावर खैऱ्या आणणारा आणि कपाशीच्या पानावर कोनाकार ठिपके पाडणारा, दोघेही झँथोमोनासच. ग्रीक 'झँथॉस' म्हणजे पिवळा. या जिवाणूंच्या वसाहती पिवळ्या दिसतात, त्यावरून हे नाव पडलं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : 'झँथन डिंक' बिनधास्त म्हणा. डिंक हा शब्द झाडाशी जोडला गेला तो सवयीने. वस्तूचा गुण तोच आहे, आणि बाहेर पाझरणंही तेच. फक्त 'जंतूंचा' म्हणू नका. जंतू म्हटलं की मनात आधी रोग येतो, आजीचं मन तिथेच अडलं असावं. 'जिवाणूचा डिंक' म्हणून पाहा.

'चिकटा' मात्र मला मुळीच नको. तो शब्द शेतकऱ्याने आधीच कामाला लावला आहे. ज्वारीच्या कणसातून अरगट या बुरशीजन्य रोगाचे गोड थेंब गळतात तो चिकटा, मावा पडल्यावर पानं चकाकतात तोही चिकटा. त्यात सुट्या, लहान शर्करा असतात, पाण्याने धुतल्या की गेल्या. डिंक पाण्यात गेला तर पाणीच दाट करतो. फवारणीच्या काही दाट, दुधाळ औषधांत झँथन असतो तो यासाठीच. बाटली ठेवून दिली की तो औषधाचे कण तळाशी बसू देत नाही, हलवली की औषध पातळ होऊन सहज ओततं, थांबलं की पुन्हा दाट. टोमॅटो सॉस आणि टूथपेस्टमध्येही त्याचं हेच काम. तेलविहिरी खोदताना वापरतात त्या चिखलातसुद्धा हाच डिंक घालतात, दगडाचा चुरा वर उचलून आणायला.

'बहुशर्करा' बरोबर आहे, पण तो साऱ्या कुळाचा शब्द आहे. त्यात पिष्ट आलं, कापूसही आला. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंपैकी एक जण कापसातलंच सेल्युलोज विणतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ए. जे. ब्राऊन यांनी ते १८८६ साली दाखवलं. त्याचा ओलसर पापुद्रा भाजलेल्या जखमेवर पट्टीसारखा लावतात. ही बहुशर्करा खरी, पण तिला डिंक म्हणता येणार नाही. दहावीच्या पुस्तकातला 'बहुवारिक' (पॉलिमर) तर आणखी मोठा, त्यात प्लास्टिकही बसतं.

जिवाणूंची आणखी एक बहुशर्करा म्हणजे दवाखान्यातलं डेक्स्ट्रॅन. ते मी त्याच्या नावानेच ठेवीन. रक्त फार गेलं की शिरेतून देण्याच्या द्रवात ते पूर्वी बरंच वापरत, आता कमी, कारण त्याचे मोठे रेणू पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवतात. रुग्णाच्या घरच्यांना 'डिंक चढवला' सांगितलं तर बिचारे घाबरतील. डेक्स्ट्रॅन बनवणं हे ल्युकोनोस्टॉक जिवाणूचं काम, जो इडलीचं पीठ फुगवतो आणि शिळ्या उसाच्या रसाला बुळबुळीत करून कारखान्याचं नुकसानही करतो. डेक्स्ट्रॅन हे नाव मोठं गोड आहे. हा पदार्थ ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश उजवीकडे वळवतो, म्हणून लॅटिन 'डेक्स्टर', उजवा. आपला 'दक्षिण' त्याच मुळातला, प्रदक्षिणेतला.

आजीला एक विचारशील का? शिळ्या वरणाला 'तार सुटली' आपण म्हणतो आणि पाकालाही 'एकतारी' म्हणतो. पाकाची तार साखर दाट झाल्याची, विटलेल्या अन्नाची तार जिवाणूंनी सोडलेल्या लांब साखळ्यांची. तुमच्या घरी या दोन तारांना वेगळे शब्द आहेत का, ते मला हवं आहे.