सोलापूरच्या उन्हात मेणबत्तीचे पुट

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहते. गेल्या वर्षीपासून मी आणि माझी जाऊ घरीच, वात पातळ मेणात पुन्हा पुन्हा बुडवून, जुन्या पद्धतीने मेणबत्त्या तयार करतो. हिवाळ्यात माल उत्तम निघाला. परंतु एप्रिलमध्ये काही मेणबत्त्यांची जाडी वाढेना, काहींवर गाठी आल्या आणि पेटीत उभ्या ठेवलेल्या वाकल्या. शिवाय दुकानदार साच्यातल्या मेणबत्तीच्या भावाने आमचा माल मागतात. हा व्यवसाय आमच्या शहरात चालेल का?

उत्तर : चालेल; मात्र बाराही महिने सारखे उत्पादन घेण्याचा विचार आपण सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मेणबत्तीसाठी सर्रास वापरले जाणारे पॅराफिन मेण ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या पुष्कळ आधीच ते नरम पडू लागते, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो. प्रत्येक बुडीनंतर पातळ पुट हवेत घट्ट व्हावे आणि मगच त्यावर पुढचे चढावे, हीच या पद्धतीची सगळी किमया आहे. हवाच तापलेली असेल तर आधीचे पुट नरम राहते आणि पुढच्या बुडीत उतरून जाते. जाडी वाढेना, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण भांड्यात आहे. मेण फार तापले तर चढलेले पुट विरघळते आणि थंड पडले तर गाठी येतात. आपल्याकडे दोन्ही दोष दिसले, म्हणजे मेणाचे तापमान एकसारखे राहत नव्हते. तापमापक घ्यावा आणि मेण ७० ते ७५ अंशांच्या दरम्यान राखावे. पहिल्या बुडीत वातीतील हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत ती मेणात राहू द्यावी व बाहेर काढताच ताणून सरळ करावी. वातीच्या टोकाला लोखंडी नट बांधल्यास ती सरळ लोंबते. पंख्याचा झोत मात्र टाळावा, कारण एक बाजू आधी थंड होऊन मेणबत्ती वाकते.

दिवाळी आणि नाताळसाठी जुलैपासून, पावसाने हवा निवल्यावर, सकाळच्या वेळी काम सुरू करावे. उन्हाळ्यात उरलेला माल आडवा, कागदात गुंडाळून, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावा. मेणात थोडे स्टिअरिक आम्ल मिसळल्यास मेणबत्ती अधिक कडक होते.

एक गोष्ट मात्र मनावर घ्यावी : मेणाचे भांडे थेट आचेवर कधीही ठेवू नये, पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवूनच तापवावे. मेणाने पेट घेतलाच तर आच बंद करून झाकण घालावे. पाणी ओतल्यास जळते मेण उसळून सर्वत्र उडते. घरात मुले असतील तर हे काम चालू असताना त्यांना त्या खोलीत येऊच देऊ नये.

आता भावाविषयी. सुमारे २५ सेंटीमीटर लांब आणि सरासरी २ सेंटीमीटर जाडीच्या मेणबत्तीला साधारण ७० ग्रॅम मेण लागते, म्हणजे किलोमागे चौदा नग. तेवढ्या जाडीसाठी पंचवीस-तीस बुड्या आणि प्रत्येक बुडीनंतर दोन-तीन मिनिटांची विश्रांती धरली, तर एका घाण्याला तास-दीड तास जातो. ही मजुरी साच्यातल्या मेणबत्तीच्या भावात बसणार नाही, म्हणून किराणा दुकानाचा नाद सोडावा. नाताळापूर्वी चर्चशी संबंधित कुटुंबे, भेटवस्तूंची दुकाने, आणि चादरी-टॉवेल घेण्यासाठी बाहेरगावाहून येणारे ग्राहक जेथे येतात ती दुकाने, येथे आपला माल जोडीने बांधून ठेवून पाहावा. हाताने चढवलेल्या पुटांची किंमत देणारा माणूस तेथे भेटण्याची शक्यता अधिक आहे. भांडवल मोजताना भांड्यातील मेण विसरू नये. २० सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर खोल भांडे भरायलाच सात किलोंच्या आसपास मेण लागते, आणि शेवटची मेणबत्ती बुडेपर्यंत ती पातळी टिकवावी लागते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन व विनामूल्य होते. मालाची विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. बांधीव पाकिटावर मात्र उत्पादकाचे नाव व पत्ता, नगसंख्या किंवा वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा.

प्रश्न : सोलापुरात सूत सहज मिळते. साध्या पिळाच्या सुताची वात चालेल का?

उत्तर : सूत चालेल, पण त्याची वेणी घालावी लागेल. पिळाची वात ज्योतीत सरळ उभी राहते, तिच्या टोकाशी काजळी साठते आणि ती वारंवार कातरावी लागते. चपट्या वेणीची वात जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला जाऊन पूर्ण जळते. ही सुधारणा १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये झाली. जाडी ठरवण्यासाठी प्रत्येक प्रकारची एक मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून पाहावी : धूर येत असेल तर वात जाड आहे, आणि ज्योत वितळलेल्या मेणात बुडून विझत असेल तर ती बारीक आहे.