ब्लॉगवर पैसे घेऊन लेख छापणं चुकीचं आहे का?

पैसे घेणं चुकीचं नाही. पण तुम्ही सांगितलेल्या अटी वाचल्यावर हा सौदा मी तरी केला नसता. स्पर्धा परीक्षांवरचा तुमचा ब्लॉग, लेख लिहून देणार क्लासवाले, वर नाव तुमचं, आणि 'जाहिरात' हा शब्द कुठेही येऊ द्यायचा नाही. बदल्यात पंधरा हजार रुपये. मग ते पंधरा हजार नक्की कशाचे? जागेचे असते तर वर 'जाहिरात' लिहिल्याने त्यांचं काही बिघडलं नसतं. वाचकाला पत्ता लागू न देण्याचे ते पैसे आहेत.

खात्री करायची असेल तर उलट मेल टाका: "लेख छापतो, पण पहिल्याच ओळीत ही जाहिरात आहे असं लिहीन." माझ्याकडे असे मेल येतात त्यांतले बरेच लोक यावर पुन्हा तोंड दाखवत नाहीत. उरलेले रक्कम खाली आणतात.

मी पुण्यातल्या खाण्याबद्दल लिहिते. जाहिराती मीही घेते. मसाल्यांच्या, मिक्सरच्या, मध्यंतरी एका बिडाच्या कढईची. हॉटेलांच्या आणि मेसच्या मात्र घेत नाही, कारण त्यांच्याबद्दल बरं-वाईट लिहिणं हाच माझा ब्लॉग. ज्याच्या मिसळीचा कट पाणचट आहे असं उद्या लिहावं लागेल, त्याच्याकडून आज पैसे घेतले की हात आपोआप आखडतो, त्याने काही सांगायचीही गरज पडत नाही. किंमत किंवा पत्ता चुकला असेल तर दुरुस्त करते, मजकूर मंजुरीला पाठवत नाही. फुकट आलेली वस्तूही मी पैशांतच धरते. "पैसे कुठे घेतले, नुसती वस्तूच तर ठेवून घेतली" हे आयकर खात्यालाही पटत नाही. १ जुलै २०२२ पासून अशा वस्तूंची किंमत वर्षाला वीस हजारांच्या वर गेली की देणाऱ्याला १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कापायचा कर, भरावा लागतो.

तुमचं प्रकरण माझ्यापेक्षा नाजूक आहे. माझं ऐकून कुणी भिकार मिसळ खाल्ली तर शे-दीडशे रुपये गेले, चार शिव्या देईल आणि विसरेल. तुमचा वाचक म्हणजे नव्या पेठेत नाहीतर सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून राहणारा, अभ्यासिकेत दिवस काढणारा, मेसचा डबा दोघांत वाटून खाणारा मुलगा. घरच्यांनी सोयाबीन विकून पाठवलेल्या पैशांतून तो फी भरणार, आणि क्लास भंगार निघाला तर फीबरोबर एक अटेम्प्टही जाणार. क्लासच्या फ्लेक्सवर त्याचा विश्वास नसतोच. एकच टॉपर तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना त्याने पाहिलेला असतो. म्हणून तर तो तुमच्याकडे येतो, आणि क्लासवाल्यांनाही म्हणूनच तुम्ही हवे आहात.

कायदाही याच बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस ही करणाऱ्याचं खरं मत असली पाहिजे, पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर उभी असली पाहिजे, आणि पैशांचा संबंध उघड केला पाहिजे. ज्या क्लासची पायरी तुम्ही चढला नाहीत त्याची स्तुती तुमच्या नावाने, म्हणजे सगळ्याच ठिकाणी गोची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू आहे. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये खास कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी वेगळ्या सूचना आल्या. निवडीची हमी देता येत नाही, आणि यशस्वी उमेदवाराचं नाव-फोटो वापरायला निवड झाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. क्लासने पाठवलेला लेख या नजरेने एकदा वाचा.

मेलमध्ये "डू-फॉलो लिंक" (गूगल जिला शिफारस म्हणून मोजतं अशी लिंक) असे शब्द आहेत का तेही बघा. असतील तर त्यांना तुमचे वाचकसुद्धा नकोत, गूगलवर वर यायला तुमच्या ब्लॉगचा खांदा हवाय. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' (ही शिफारस म्हणून मोजू नका) अशी खूण लावा, असं गूगलचं धोरण सांगतं. न लावल्यास कारवाई तुमच्या साइटवरही होऊ शकते.

राहता राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, "पेपरवालेही हेच करतात." काही करतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण केवढं गाजलं, प्रेस कौन्सिलपर्यंत गेलं. त्यांची उधारी आपण कशाला फेडायची?

पैसे हवेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. होस्टिंगचं बिल कुणाला चुकलंय? पण क्लास सोडून बाकीच्यांकडे जा. अप्पा बळवंत चौकातले पुस्तकवाले, अभ्यासिका, मेसवाले, कॉट बेसिसच्या खोल्या देणारे. या सगळ्यांना तुमचाच वाचक हवा असतो आणि 'जाहिरात' लिहिलेली चौकट त्यांना चालते. टेस्ट सिरीजवाल्यांना हो म्हणायचं असेल तर आधी दोन पेपर स्वतः सोडवून बघा, उत्तरपत्रिका कशी तपासून येते ते पाहा, मग ठरवा. महिन्याचा दर ब्लॉगवरच लावून ठेवा, घासाघीस वाचते.