फॉग लाइट लावले म्हणून जळालेल्या बाइकचा क्लेम नाकारता येतो का?

प्रश्न : मी वाईला राहतो, नोकरी पाचगणीत. पावसाळ्यात पसरणी घाटात धुक्यामुळे समोरचं काही दिसत नाही, म्हणून मागच्या वर्षी बाइकच्या लेग गार्डवर दोन एलईडी फॉग लाइट आणि हँडलवर मोबाइल चार्जर बसवून घेतला. गेल्या महिन्यात रात्री घरासमोर उभ्या असलेल्या बाइकने पेट घेतला. किल्ली घरात होती. वायरिंग, सीट, टाकी सगळं गेलं. विमा कंपनीने 'अनधिकृत इलेक्ट्रिकल बदल' असं लिहून क्लेम नाकारला. शोरूमवाले म्हणतात वॉरंटी संपली. याच दिव्यांवरून पूर्वी एकदा चलानही झालं होतं. गॅरेजवाल्याने तेव्हा वहीच्या कागदावर पावती दिली होती. आता तो म्हणतो, मागची तारीख टाकून पक्कं बिल बनवून देतो. कर्जाचे हप्ते चालूच आहेत. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, ते मागच्या तारखेचं बिल घेऊ नका. तुमची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे आणि एका खोट्या कागदाने ती पार कोसळेल. वहीच्या कागदावरची पावती कच्ची असली तरी खरी आहे, तीच जपून ठेवा. क्लेम फॉर्ममध्ये दिव्यांचा उल्लेख राहून गेला असेल, तर आता पत्र लिहून तो स्वतःहून कळवा.

दुसरं, तितकंच तातडीचं : जळालेल्या बाइकला कोणाला हात लावू देऊ नका. भंगारात देऊ नका, 'जागा अडते' म्हणून शोरूमच्या कोपऱ्यात सोडू नका, वायरिंग उसकटून पाहू नका. ताडपत्री टाकून घरीच ठेवा. तुमचं प्रकरण वकिलाच्या युक्तिवादापेक्षा त्या जळक्या तारांवर जास्त अवलंबून आहे.

कारण असं. बाइक बंद होती, किल्ली घरात होती. अशा वेळी थेट बॅटरीवरून आलेल्या तारांमध्येच वीज असते. तुमचे फॉग लाइट किल्लीच्या स्विचनंतरच्या लाइनवरून घेतलेले असतील, तर त्या रात्री त्यांच्या तारेत वीजच नव्हती. मग त्यांनी आग लावली कशी? उलट गॅरेजवाल्याने रिलेची (दिव्यांचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचची) किंवा चार्जरची तार सरळ बॅटरीवरून ओढली असेल, तर ती रात्रभर जिवंत होती. तशीच कंपनीची स्टार्टर रिलेकडे जाणारी जाड केबलही जिवंत होती. म्हणजे पहिला शोध घ्यायचा तो जोडणी कुठून घेतली होती याचा. दुसरा फ्यूजचा. दिव्यांच्या लाइनवर वेगळा फ्यूज होता का, बॅटरीपासून किती अंतरावर होता, तो उडालाय की शाबूत आहे? बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून चांगला वायरमन फ्यूज बॅटरीला खेटून लावतो. शॉर्ट झालेल्या ठिकाणी तांब्याच्या टोकाला वितळलेला मणी तयार होतो. तो शॉर्टमुळे झाला की बाहेरच्या आगीच्या उष्णतेने, हे जाणकाराला तपासता येतं.

म्हणून एखादा परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेयर (नुकसानीची पाहणी करणारा) किंवा इंजिनिअरिंग कॉलेजातला ऑटोमोबाइलचा प्राध्यापक बोलवा. विमा कंपनीला तारीख लेखी कळवा, त्यांचा माणूस आला तर त्याच्यासमोर पाहणी करा. काही उचकटण्याआधी फोटो, मग तज्ज्ञाचा सहीचा अहवाल. गॅरेजवाल्याकडूनही त्याने जोडणी कुठून घेतली हे खरं खरं लिहून घ्या. ते तुमच्याविरुद्ध गेलं तरी आत्ताच कळलेलं बरं.

आता कायदा. दुचाकीच्या सर्वसाधारण पॅकेज पॉलिसीत आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणं या जोखमी स्पष्ट लिहिलेल्या असतात. तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी नाही ना, हे मात्र पाहून घ्या. तशी असेल तर स्वतःच्या बाइकच्या नुकसानीचा हा क्लेमच बसत नाही. पॉलिसीत अपवादही असतात, त्यात 'यांत्रिक किंवा विद्युत बिघाड' येतो, आणि विमा कंपनी बहुधा त्याचाच आधार घेईल. पण बिघडलेला भाग बदलण्याचा खर्च वेगळा आणि त्यातून लागलेल्या आगीचं नुकसान वेगळं, असं माझं ठाम मत आहे. शिवाय अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचं ओझं विमा कंपनीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध ईशर दास मदन लाल या प्रकरणात तसं सांगितलं आहे. 'दिवे लावले होते' एवढ्याने भागत नाही, 'त्या दिव्यांमुळे आग लागली' हे त्यांना दाखवावं लागेल. आणि नाकारण्याच्या पत्रात जे कारण नाही, ते त्यांना नंतर पुढे आणता येत नाही. ते पत्र शब्दन् शब्द वाचा आणि सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत लेखी मागा.

समजा, जोडणीत दोष निघाला. तरीही सगळं संपत नाही. अमलेंदू साहू प्रकरणात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असतानाही क्लेम पूर्ण न नाकारता 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने अंशतः देण्याचा मार्ग मान्य केला. त्या पद्धतीत 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. तक्रारीत ही पर्यायी मागणी घालाच. दिव्यांची आणि चार्जरची किंमत मात्र मागू नका. जादा प्रीमियम भरून ते पॉलिसीत नोंदवले नसतील तर ती मिळणार नाही.

चलानाचं म्हणाल तर ते वेगळं प्रकरण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बदल म्हणजे वाहनाचं मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला बदल. लेग गार्डवर दिवा लावणं त्यात बसतं असं मला वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा के. जयचंद्र निकाल विमा कंपनीने पुढे केला, तर तो बदल केलेल्या वाहनाच्या नोंदणीबद्दल होता, विमा क्लेमचा नव्हता, हे लक्षात ठेवा. तरी दिव्यांचे नियम आहेतच. केंद्रीय मोटार वाहन नियम 106 प्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा, 8 मीटरवर उभ्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. नियम 111 प्रमाणे परवानगीशिवाय स्पॉट लाइट चालत नाही. घाटात समोरून असा झोत डोळ्यांवर आला की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. कलम 182-अ खाली नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं, त्यामुळे चलानावर कोणतं कलम लिहिलंय ते पाहा. मात्र झोत चुकीचा असल्याचं चलान हा आगीच्या कारणाचा पुरावा नव्हे.

शोरूमला एवढंच लेखी विचारा : वॉरंटी कोणत्या अटीखाली आणि कोणत्या भागाची नाकारताय? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये शमशेर कटारिया प्रकरणात कार कंपन्यांना बजावलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश दुचाकी कंपन्यांवर नव्हता, पण तत्त्व मांडायला उपयोगी आहे.

दाद मागण्याचा क्रम असा ठेवा. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि निकाल विमा कंपनीवर बंधनकारक असतो. मुदत एक वर्ष. गॅरेजवाल्यालाही जबाबदार धरायचं असेल तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग योग्य, कारण लोकपाल गॅरेजविरुद्ध काही करू शकत नाही. तिथे दोन वर्षांची मुदत आहे. विमा कंपनीविरुद्ध आयोगात गेलात, तर त्याच वादासाठी लोकपालाचं दार बंद होतं. तज्ज्ञाचा अहवाल हाती आला की मगच निवडा. दोष जोडणीत निघाला तर आयोग, नाही तर लोकपाल, असं मी सुचवेन.

हप्ते मात्र थांबवू नका. बाइक जळाली तरी कर्ज उभंच राहतं, आणि थकलेला हप्ता तुमच्या क्रेडिट स्कोअरला लागतो. बाइक तारण असल्यामुळे एकूण नुकसानीचा क्लेम मंजूर झाला तर पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात. त्यामुळे आगीची माहिती, पोलीस ठाण्यातल्या नोंदीची प्रत आणि नाकारण्याच्या पत्राची झेरॉक्स त्यांना आजच देऊन पोच घ्या. पोलिसांत नोंद केली नसेल तर उशीर का झाला हे लिहून उद्याच करा.