मेस लावायची की कूपनं घ्यायची?

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या, संपत आल्या की आमच्या समुपदेशन कक्षात पालकांचे फोन सुरू होतात. फी, रूम, रॅगिंग हे प्रश्न लोक रेक्टरना विचारतात. माझ्याकडे हमखास येतो तो जेवणाचा: "मॅडम, मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार. पूर्ण मेस लावायची, एकवेळची लावायची, की लागतील तशी कूपनं घ्यायची?" वरच्या वर्गातल्या मुलांबाबत मी दरवेळी वेगळं उत्तर देते. पहिल्या सेमिस्टरपुरतं मात्र माझं मत पक्कं आहे, आणि त्यामागे एका मुलीचा मोठा वाटा आहे. तिची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

मुलगी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरची थोडी शेती, सगळी सोयाबीनवर. पुण्यात हॉस्टेल मिळालं म्हणून घरात आनंद होता. सेमिस्टर सुरू होऊन दीडेक महिना झाला असेल, वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, कानशीने घासताना तिला चक्कर आली. कॉलेजच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईमाणसाचं ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि जेवणाचं बघा म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं.

तिच्या आधी तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, तिला तिथलं जेवण गोड लागतंय. वरणात गूळ टाकत्यात म्हणं. आमच्याकडं भाकरी लागती, येसराची आमटी लागती. हॉस्टेलच्या मागं एक ताई डबा देतात, आपल्याच भागातल्या आहेत. रूमवर डबा लावून देऊ का?"

काळजी खरी होती आणि निदानही अर्धं खरं होतं. मराठवाड्यातून आलेल्या मुलांना पुण्याची आमटी पहिले काही आठवडे खरोखर उतरत नाही. पण चवीवरून अडलेलं मूल सहसा कुरकुरतं, बाहेर खातं, घरून चटणी मागवतं. ही मुलगी कशाचीच तक्रार करत नव्हती. मला ते खटकलं.

ती आली तेव्हा मी जेवणाबद्दल काही न विचारता तिचं मेसचं कूपनबुक बघायला मागितलं. तिने सॅकच्या आतल्या कप्प्यातून काढलं. पन्नास कूपनांचं पुस्तक, गुलाबी कागद, प्रत्येकावर ठेकेदाराचा शिक्का, कोपरा कुठे दुमडलेला नाही. दीड महिन्यात निम्मंही फाटलं नव्हतं. "अजून एवढी शिल्लक आहेत," ती म्हणाली, आणि त्या आवाजात थोडा अभिमान होता. मग दिवसभर काय खातेस? सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी कॅन्टीनचा वडापाव, रात्री कधी मेस, कधी मॅगी, घरून आलेले धपाटे असतील तर ते.

हॉस्टेलचे दर असे होते. दोन वेळचं जेवण आणि नाश्ता मिळून महिन्याला ४,२०० रुपये, पण पाच महिन्यांचे म्हणजे २१,००० आगाऊ भरायचे. कूपन एका जेवणाला ८० रुपये, नाश्त्याचे २५ वेगळे. वडिलांनी हिशेब नीट मांडला होता: दर शनिवार-रविवारी ती आत्याकडे जाणार, मग न जेवलेल्या दिवसांचे पैसे कशाला भरा? त्यात खाड्याचा नियम असा की सलग तीन दिवस बाहेर असाल आणि आदल्या दिवशी लिहून दिलं असेल तरच पैसे वजा होणार. शनिवार-रविवार त्यात बसत नाही. म्हणून कूपनं.

आम्ही दोघींनी तोच हिशेब कागदावर पुन्हा केला. महिन्यातले आठ दिवस आत्याकडे, उरले २२. दोन वेळा जेवली तर ४४ कूपनं, ३,५२० रुपये. २२ नाश्ते, ५५० रुपये. एकूण ४,०७०. पूर्ण मेसपेक्षा फक्त १३० रुपये कमी. म्हणजे कूपनं स्वस्त पडत होती, ते मुलगी जेवतच नव्हती म्हणून. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली.

कूपनाबद्दल माझी तक्रार हीच आहे. पैसे आधीच भरलेले असले की मूल भूक लागल्यावर ताट घेतं. कूपन असलं की दर जेवणाआधी मनात प्रश्न उभा राहतो: आत्ता ८० रुपये घालवू का? काटकसरीच्या घरातलं, आईबापांच्या कष्टांची जाण असलेलं मूल या प्रश्नाला बहुतेकदा "नको" म्हणतं. त्याला वाटतं, आपण घराला हातभार लावतोय. बेफिकीर मुलापेक्षा समंजस मुलाचंच कूपनावर जास्त नुकसान होतं, आणि हे मी बऱ्याच मुलांमध्ये पाहिलं आहे.

पण तिच्या बाबतीत पैसा हे एकच कारण नव्हतं. रात्री मेसला किती वाजता जातेस, असं विचारलं तर म्हणाली, सव्वानऊला. मेस साडेसातला उघडते, साडेनऊला बंद होते. सव्वानऊला पातेल्यात भाजीचा नुसता रस्सा उरलेला असतो, उसळ कधीच संपलेली असते, पोळ्या वातड झालेल्या. मग एवढ्या उशिरा का? तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "लवकर गेलं की सगळ्या ग्रुपनं बसलेल्या असतात. ताट घेऊन मी कुठं बसू?"

म्हणूनच मी आईंना डब्याला नाही म्हटलं. त्या ताईंचं जेवण मेसपेक्षा चांगलं असणार यात मला शंका नव्हती. भाकरी मिळाली असती, आमटी तिखट मिळाली असती. पण दार लावून खोलीत एकटीने जेवायची सवय पहिल्या सेमिस्टरला लागली, तर ती पुढे मोडणं फार अवघड जातं. दिवसभरात चार माणसांशी बोलायची तिला एकच जागा होती, तीही सुटली असती. मी आईंना म्हटलं, "ताई, डबा दिवाळीनंतर बघू. आत्ता ती माणसांत बसून जेवली पाहिजे. तुम्ही शेंगदाण्याची चटणी जास्त पाठवा, वाटून खाता येईल एवढी." आणखी एक गोष्ट सुचवली. फोनवर "जेवलीस का?" विचारलं की मुलं "हो" म्हणतात. त्याऐवजी "आज शेजारी कोण होतं जेवायला?" असं विचारा.

राहिले पैसे. वडिलांशी बोलले तेव्हा खरी अडचण कळली. ऑगस्टमध्ये कॉलेजची आणि हॉस्टेलची फी भरून हात रिकामा झाला होता. सोयाबीन निघणार दसऱ्याच्या सुमारास, पैसे येणार त्यानंतर. २१,००० एकदम भरणं शक्यच नव्हतं, आणि हे मुलीसमोर बोलायचं नव्हतं म्हणून त्यांनी शनिवार-रविवारचं कारण पुढे केलं होतं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. मी म्हटलं, "दादा, रेक्टरांच्या नावाने अर्ज द्या, महिन्याच्या महिन्याला भरतो म्हणून. शेतीचं कारण सरळ लिहा." लेखी मागितलं की हप्ते मिळू शकतात. अडचण अशी की पालक संकोचाने मागतच नाहीत. त्यांना मिळाले.

याच बोलण्यात डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा विषय निघाला. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. अल्पभूधारकाचा दाखला असेल तर तो जरूर जोडावा. त्यांना ही योजना माहीतच नव्हती. अर्ज करा, पण हे पैसे वेळेवर येतील या भरवशावर मेस लावू नका, हेही मी त्यांना सांगितलं.

मुलीला मी "मैत्रिणी कर" असं सांगितलं नाही. घाबरलेल्या मुलाला तो उपदेश नुसता जड होतो. विचारलं एवढंच, की वर्कशॉपच्या बॅचमध्ये तुझ्या शेजारच्या व्हाइसवर (जॉब घट्ट धरायच्या पकडीवर) कोण असतं? नंदुरबारकडची एक मुलगी. ती कुठे जेवते? "तीपण उशिराच येते मेसला." दोघी रोज सव्वानऊच्या सुमारास वेगवेगळ्या टेबलांवर बसत होत्या! मी तिला एकच काम दिलं: उद्या प्रॅक्टिकल संपल्यावर तिला विचार, पावणेआठला येतेस का. हे विचारायला तिला आठवडा लागला, पण विचारलं.

आहाराचंही थोडं बोललो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. वडापाव-मॅगीवर ते भागत नाही. मेसच्या ताटात मटकीची उसळ असते, पालेभाजी असते, लिंबाची फोड असते. ती फोड पिळून घ्यायची, कारण लिंबाने लोह अंगी लागतं, आणि जेवल्याबरोबर चहा घ्यायचा नाही, कारण चहा ते अडवतो. ती अंडं खात होती, म्हणून आठवड्यातून तीन दिवस जादा पैसे देऊन उकडलेलं अंडं घ्यायचं ठरलं.

सगळ्यांना पूर्ण मेसच लावा असं मी म्हणत नाही. आर्किटेक्चरच्या एका मुलाला स्टुडिओतून यायला रोज दहा वाजायचे, त्याला डबाच योग्य होता आणि तो मित्रांबरोबर स्टुडिओतच खायचा. तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप लागली की दुपारची मेस वाया जाते, तिथे एकवेळची पुरते. रोजे धरणाऱ्या किंवा जैन जेवण लागणाऱ्या मुलांनी पैसे भरण्याआधी ठेकेदाराला प्रत्यक्ष भेटून विचारावं, ऑफिसमधल्या "होईल सोय"वर राहू नये. आणि पालकांनी हॉस्टेल बघायला आल्यावर मेसमध्ये एक जेवण स्वतः जेवून जावं, शक्यतो मेस बंद व्हायच्या अर्धा तास आधी. मेस कशी चालते ते त्या वेळी कळतं.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली. हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर गेलं होतं, गोळ्या चालूच होत्या. आमटी अजून गोडच लागते म्हणाली. डब्याचा विषय मीच काढला, कारण तसं कबूल केलं होतं. तिने दुसऱ्या सेमिस्टरचं टाइमटेबल पुढे ठेवलं. बुधवारी आणि शुक्रवारी प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत, बाकी दिवस दुपारी मोकळी. तिला डबा नको होता. नंदुरबारची मुलगी, ती आणि आणखी दोघी मिळून रेक्टरना अर्ज देणार होत्या, शनिवार-रविवारचा खाडाही धरावा म्हणून. अर्जाचा मसुदा मला दाखवायला आणला होता. मी त्यातली तारीख तेवढी दुरुस्त करून दिली. जानेवारीपासूनही तिने पूर्ण मेसच लावली आहे, पैसे महिन्याच्या महिन्याला.